मॅक, रॅम आणि ‘अपग्रेड’ : एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

मॅकवर, म्हणजे ॲपल कंपनीच्या संगणकावर, जीव असलेला एक आणि मॅकचं नाव काढलं की नाक मुरडणारा दुसरा, असे दोघे बोलायला बसले की किंमत, गेम्स, डोंगल अशी स्टेशनं घेत गाडी शेवटी रॅमवर, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीवर, येऊन थांबते. एक म्हणतो, आठ जीबीत माझं सगळं भागतं. दुसरा म्हणतो, आठ जीबीचे एवढे पैसे मोजलेसच कसे? हे भांडण २०२० च्या, ॲपलच्या स्वतःच्या एम-वन चिपनं लावून दिलं असा सर्रास समज आहे. खरं तर ते जून २०१२ चं आहे, आणि आणखी मागे गेलं तर १९८४ चं.

१९८४ चं थोडक्यात उरकतो. त्याआधीच्या ॲपल-टूचं झाकण हातानं निघायचं आणि आत कार्डं बसवायला आठ स्लॉट होते. पहिल्या मॅकिंटॉशला एकही नव्हता. १२८ केबी मेमरी, तीही बोर्डावर थेट सोल्डर केलेली (डाग देऊन कायमची जोडलेली), आणि खोका उघडायला लांब दांड्याचा टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर. त्या बंद खोक्याच्या आतल्या अंगाला तो बनवणाऱ्या चमूच्या सह्या साच्यातच उमटवल्या होत्या. विकत घेणाऱ्यानं आत डोकवायचं नाही, पण आतली बाजूही देखणी हवी. मॅकवेडे ही गोष्ट भारावून सांगतात. मॅकवर खार खाणारेही हीच गोष्ट सांगतात, फक्त सूर वेगळा. त्याच वर्षी सप्टेंबरात ५१२ केबीचं मॉडेल आलं, आणि काही हौशींनी तर जुन्याच बोर्डावरच्या चिप उपटून त्या जागी मोठ्या बसवल्या. म्हणजे ‘कमी दिली आणि वाढवू देत नाहीत’ ही तक्रार मॅकच्या जन्माच्या वर्षातलीच.

मधली वर्षं वाचकांना माहीत आहेत, ती सोडून देतो. एकच गोष्ट नोंदवायला हवी, कारण ती दोन्ही बाजू सोयीनं विसरतात: त्या काळात बरेच मॅक चांगले उघडे होते. २००६ च्या पांढऱ्या मॅकबुकच्या बॅटरीचं कुलूप नाणं घालून फिरवता यायचं. २०१२ च्या मॅक मिनीच्या बुडाशी असलेली गोल तबकडी दोन अंगठ्यांनी फिरवली की रॅम समोर. २७ इंची आयमॅकला तर पाठीमागे रॅमसाठी चक्क छोटी खिडकी होती. ‘मॅक पहिल्यापासून बंदच’ हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. तो बंद होत गेला, आणि तोही सरळ रेषेत नाही.

आता जून २०१२. एकाच दिवशी १५ इंची मॅकबुक प्रो दोन रूपांत आलं. एक जुन्या घाटाचं, साधारण २४ मिलीमीटर जाड, अडीच किलोचं. दुसरं रेटिना (बारीक ठिपक्यांच्या, जास्त स्पष्ट) पडद्याचं, १८ मिलीमीटर, दोन किलो. पहिल्यात रॅम बदलता येत होती. दुसऱ्यात ती सोल्डर केलेली, बॅटरी गोंदानं चिकटवलेली, आणि पडद्याच्या आतले भाग सुटे करता येणार नाहीत असे जोडलेले. दुरुस्तीचे धडे देणाऱ्या एका संस्थेनं दहापैकी १ गुण दिला.

मी जाडं घेतलं, १३ इंची. बुडाचे दहा स्क्रू, त्यातले तीन इतरांपेक्षा लांब. ते वेगळे ठेवले नाहीत तर परत लावताना फजिती. झाकण निघालं की रॅमच्या दोन पट्ट्या एकावर एक. दोन्ही बाजूंचे चिमटे बोटांनी बाहेर ढकलायचे, पट्टी आपसूक तिरकी उभी राहते, मग ओढून काढायची. कंपनीच्या कागदावर कमाल मर्यादा ८ जीबी, पण १६ जीबी बिनतक्रार चालायची. हे मॉडेल कंपनीनं ऑक्टोबर २०१६ पर्यंत विक्रीला ठेवलं, आणि शेवटी शेवटी ते घेणाऱ्यांत बरेच जण केवळ याच सोयीसाठी घेत होते असं माझं मत आहे.

खरा घोळ झाला तो जुलै २०१२ मध्ये. संगणक पर्यावरणाला कितपत पूरक आहे हे ठरवणारी एक मानांकन यादी आहे. सरकारी कचेऱ्या आणि विद्यापीठं खरेदी करताना ती बघतात. नेहमीच्या हत्यारांनी यंत्र उघडता यावं, सुटे भाग बदलता यावेत, अशा तिच्या अटी. कंपनीनं आपली ३९ उत्पादनं त्या यादीतून काढून घेतली. एका मोठ्या शहराच्या प्रशासनानं लगेच सांगितलं, मग आम्ही मॅक घेणार नाही. काही दिवसांतच कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं ‘ती चूक होती’ असं जाहीर पत्रात लिहून माघार घेतली. इथवर सगळं समजण्यासारखं आहे.

पण परतताना रेटिना मॅकबुक प्रो यादीत आलं ते थेट सुवर्ण श्रेणीत. चिकटवलेली बॅटरी, सोल्डर केलेली रॅम, आणि तरी ‘अपग्रेड करण्याजोगं’? यावर ओरड झाली तेव्हा यादीच्या चालकांनी तपासणी केली आणि अटीचा अर्थ लावून दिला. यंत्राला बाहेरून वापरता येणारं पोर्ट असेल, यूएसबीसारखं, तर ते अपग्रेड करण्याजोगं धरायचं! या हिशेबानं बाहेरून पेन ड्राइव्ह खुपसता येणारं प्रत्येक यंत्र अपग्रेड होतं. शब्द तोच राहिला, आतला अर्थ काढून घेतला. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांचं भांडण या खुलाशानं पक्कं केलं. त्यानंतर ‘अपग्रेड’ म्हणजे काय, यावर दोन बाजूंचं एकमत कधीच झालं नाही. एका बाजूला अपग्रेड म्हणजे पट्टी बदलणं, दुसऱ्या बाजूला अपग्रेड म्हणजे खरेदीच्या वेळी जास्त पैसे देऊन मोठा आकडा निवडणं.

इथे तंत्राची एक बाब सांगायला हवी, कारण बचाव करणारे ती हमखास पुढे करतात. रॅम प्रोसेसरच्या जितकी जवळ, तितका वेग वाढवणं सोपं आणि वीज कमी. कमी वीज खाणारी, एलपीडीडीआर जातीची मेमरी तर कित्येक वर्षं सोल्डर करूनच वापरावी लागत होती. मुद्दा बरोबर आहे. पण २०१२ च्या रेटिना मॉडेलमध्ये ती जात नव्हतीच. त्यात डीडीआर३एल होती, जी पट्टीच्या रूपात बाजारात सहज मिळायची. तेव्हा सोल्डर करण्याचं कारण एकच, जाडी. वेगाचं कारण खरं ठरलं ते आठ वर्षांनी.

या आठ वर्षांतलं कीबोर्ड प्रकरण लांबवत नाही. २०१५ मध्ये आलेली बटरफ्लाय कळ इतकी उथळ होती की धुळीचा कण शिरला तरी अक्षर उमटेना किंवा दोनदा उमटे. २०१८ मध्ये मोफत दुरुस्ती जाहीर झाली, २०१९ च्या अखेरीस जुन्या पद्धतीची कळ परतली, आणि २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड. कळ बिघडली की वरचं अख्खं कव्हर, चिकटवलेल्या बॅटरीसकट बदलावं लागायचं, एवढंच इथे महत्त्वाचं.

नोव्हेंबर २०२० मध्ये एम-वन आला आणि नाक मुरडणाऱ्यांपैकी निम्मे गप्प झाले. पंखा नसलेलं ९९९ डॉलरचं मॅकबुक एअर इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या मोठ्या मॅकना लाजवू लागलं. मेमरी आता चिपच्याच पाकिटात, आणि तिला नाव ‘युनिफाइड मेमरी’. याचा अर्थ प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच साठ्यातून वाचतात, माहितीची नक्कल इकडून तिकडे करावी लागत नाही. एम-वनला मेमरीपर्यंत सेकंदाला सुमारे ६८ जीबीचा रस्ता होता, पुढच्या वर्षीच्या एम-वन मॅक्सला ४००. तेव्हाच्या चांगल्या लॅपटॉपच्या दोन पट्ट्यांना मिळून जेमतेम ५१.

मात्र रस्ता रुंद केला म्हणून गोदाम मोठं होत नाही. उलट त्याच आठ जीबीतून आता ग्राफिक्सही आपला वाटा काढतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीच्या एका अधिकाऱ्यानं मुलाखतीत सांगितलं की आमची ८ जीबी ही इतरांकडच्या १६ जीबीच्या तोडीची. मेमरीतली माहिती दाबून (कॉम्प्रेस करून) बसवण्याची सोय मॅकमध्ये २०१३ पासून आहे, कमी पडली तर वेगवान एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी चिप, हात देते; तेव्हा हलक्या कामात फरक जाणवत नाही, हे मान्य. पण १,५९९ डॉलरच्या ‘प्रो’ यंत्राच्या बचावासाठी हे वाक्य वापरलं गेलं, तिथे ते टोचलं.

दरम्यान दुसरीकडून नवा चाहतावर्ग आला. एआयची मोठी भाषा-मॉडेलं घरच्या यंत्रावर चालवायची तर ग्राफिक्सला प्रचंड मेमरी लागते, आणि नेमकी तीच युनिफाइड मेमरीत मिळते. मार्च २०२५ चा मॅक स्टुडिओ ५१२ जीबीपर्यंत मिळू लागला. सोल्डरवर बोटं मोडणारे काही ओळखीचे आता याच कारणासाठी मॅक घेताना दिसतात. मी त्यांना जुनी वाक्यं आठवून देत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये किंमत न वाढवता सर्व मॅकची किमान मेमरी १६ जीबी झाली. वर्षभरापूर्वीच्या ‘आठ म्हणजे सोळा’चा उल्लेख कुणी केला नाही. त्याच सुमारास आलेल्या छोट्या मॅक मिनीत स्टोरेजची पट्टी पुन्हा सुटी आहे, काढता येते. बदलल्यावर ती जागी करायला मात्र दुसरा मॅक जोडावा लागतो. रॅम चिपच्या पाकिटातच. ८ ची १६ करायला २०० डॉलर लागायचे. त्यानंतर १६ ची २४ करायला तेवढेच लागू लागले.