पेन्सिल्व्हेनियातली हरणं : मादीचा परवाना, शिंगांचे फाटे आणि शिकारीचा दाब

२०२५च्या उन्हाळ्यात पेन्सिल्व्हेनियात रविवारच्या शिकारीवरची जुनी बंदी कायद्याने उठली आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा वाद पुन्हा वर आला. मारायची किती, त्यात माद्या किती आणि ते ठरवायचं कुणी, हे प्रश्न त्या राज्यात शंभर वर्षं धगधगत आहेत. आजच्या भांडणाचं मूळ मात्र २००० ते २००४ या काळातल्या निर्णयांत आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरसकट लाकूडतोड आणि बाजारासाठीची शिकार यांनी हरणं जवळजवळ संपली होती. १९०६ साली मिशिगनमधून ५० हरणं आणून सोडली आणि १९०७ साली मादी मारण्यावर कायद्याने बंदी आली. लांडगे आणि प्यूमा आधीच संपलेले होते. तोडलेल्या जंगलाच्या जागी हरणाच्या तोंडाच्या उंचीवर कोवळा पाला माजला होता. कळप झपाट्याने वाढले. विशीच्या दशकात हिवाळ्यात उपासमारीने हरणं मरू लागली, तेव्हा माद्याही मारू द्या असं राज्याचे वन्यजीव अधिकारी म्हणू लागले आणि १९२८ साली नराची शिकार बंद ठेवून फक्त मादीची उघडली. तोवर एक पिढी ‘मादी मारणं म्हणजे पाप’ हे ऐकत मोठी झाली होती. ही शिकवण आजोबांकडून नातवाकडे गेली आणि शतक उलटलं तरी पुरती गेलेली नाही.

पुढे कित्येक दशकं मोसमाची घडी ठरलेली होती. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी नराचा मोसम उघडायचा, उत्तरेकडच्या गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी असायची. नराचे दोन आठवडे संपले की मग मादीचे तीन दिवस. मादीच्या परवान्यासाठी गुलाबी लिफाफ्यात अर्ज घालून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, खजिनदाराकडे पाठवायचा. ते लिफाफे अगदी २०२३पर्यंत चालले. मादी वाचावी म्हणून परवाना घेऊन तो फाडून टाकणारेही होते.

या घडीचा परिणाम कळपावर दिसत होता. मारल्या जाणाऱ्या नरांपैकी बहुतेक जेमतेम दीड वर्षाचे, पहिल्यांदा शिंगं आलेले असत. पोक्त नर दिसणं दुर्मीळ झालं आणि माद्या भरमसाट वाढल्या. जंगलात जमिनीलगत नेच्यांशिवाय काही उरेना. ओकची रोपं, ट्रिलियमची फुलं हरणांनी खाऊन संपवली. वायव्येकडच्या जंगलात कुंपणं घालून वनशास्त्रज्ञांनी दहा वर्षं प्रयोग केला होता. एका चौरस मैलात वीसच्या वर हरणं गेली की झाडांची नवी पिढी उभी राहत नाही, हे त्यात स्पष्ट दिसलं होतं.

मग निर्णय झाले ते एकामागून एक. २००१ साली नर आणि माद्या यांचा मोसम एकत्र, सलग दोन आठवड्यांचा झाला. २००२ साली शिंगांचा नियम आला. बहुतेक राज्यात एका बाजूला किमान तीन फाटे असलेलाच नर मारायचा, पश्चिमेकडच्या काउंट्यांत चार. फाटा किमान एक इंच लांब हवा. लहान मुलांना आणि काही अपंग शिकाऱ्यांना सूट होती. बाकीच्यांनी पहाटेच्या अंधुक उजेडात, झुडपांआड डोकं हलवणाऱ्या जनावराच्या शिंगांचे फाटे दुर्बिणीतून मोजायचे आणि खात्री झाल्यावरच बार काढायचा. २००३पासून ६७ काउंट्यांऐवजी जंगल आणि जमीन पाहून आखलेल्या मोठ्या विभागांवर मादीचे परवाने ठरू लागले.

२००२-०३ मध्ये राज्यात पाच लाख सतरा हजारांवर हरणं मारली गेली. असा आकडा आधी कधी आला नव्हता. पाच वर्षांनी तो सव्वातीन लाखांच्याही खाली आला आणि लोक खवळले. हे बदल गावोगाव फिरून समजावणाऱ्या राज्याच्या मुख्य जीवशास्त्रज्ञाला काही सभांना बुलेटप्रूफ जॅकेट घालून जावं लागलं. २००४ संपताना त्याने नोकरी सोडली. शिकाऱ्यांची एक संघटना न्यायालयात गेली, पण कार्यक्रम थांबला नाही. विधिमंडळाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करवून घेतली. २०१०च्या त्या अहवालाने कार्यक्रमाची दिशा योग्य ठरवली, मोजणीच्या पद्धतीत सुधारणा सुचवल्या.

माझ्या मते या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट कमी लेखली. परवाने विभागाच्या क्षेत्रफळावर वाटले जातात, पण बंदूक जाते ती जिथे वाट आहे तिथे. सरकारी जंगलात कुणीही जाऊ शकतो, म्हणून पॉटर, टायोगा, क्लिंटन या उत्तरेकडच्या काउंट्यांतल्या कळपांवर सगळा दाब आला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीचे कॅम्प, म्हणजे रानातली छोटी घरं, असलेल्या कुटुंबांना खरोखरच हरणं दिसेनाशी झाली आणि ‘हरणं भरपूर आहेत’ असं त्यांना अधिकाऱ्यांनी सांगणं दुखावणारं होतं. दुसरीकडे फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गच्या उपनगरांत हरणं खरोखरच भरपूर होती, पण तिथली जमीन खासगी, आणि राहत्या घराच्या दीडशे यार्डांत मालकाच्या परवानगीशिवाय बंदूक चालवता येत नाही. त्या भागात राहणाऱ्या मराठी घरांतही टोमॅटोच्या वाफ्याला उंच जाळी ही आता नेहमीची गोष्ट आहे. तिथे मोसम लांबवला, परवाने वाढवले, तरी ते चालवायचे कुठे हा प्रश्न उरलाच.

जंगलातही दाब सारखा पडत नाही. बरेचसे शिकारी रस्त्यापासून फार आत जात नाहीत, हे पाहणीत दिसलं आहे. पुढे हरणांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घातले, तेव्हा दुसरी बाजू कळली. मोसम उघडला की अनुभवी माद्या खड्या उतारावर, माउंटन लॉरेल या झुडपाच्या दाट जाळीत जाऊन बसतात आणि अंधार पडल्यावर चरायला निघतात. कळप खरोखर घटला होता तिथेही माणसाला तो होता त्याहून कमी दिसत होता. हे सांगून शिकाऱ्याची समजूत पटत नाही, कारण दिवसभर थंडीत बसून त्याला शेपटीसुद्धा दिसलेली नसते.

शिंगांच्या नियमाने नरांचं वय मात्र निश्चित वाढलं. अलीकडे मारल्या जाणाऱ्या नरांपैकी सुमारे दोन तृतीयांश अडीच वर्षांचे किंवा मोठे असतात. ज्यांनी २००२ साली या नियमाला शिव्या दिल्या, त्यांच्यातलेच कित्येक आज तो काढू नका म्हणतात. मादीच्या परवान्यांना असं समर्थन कधी मिळालं नाही.

शिकारी मात्र कमी झाले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला परवाने बारा लाखांच्या वर होते, आता साडेआठ लाखांच्या आसपास आहेत. नोकरदार माणसाला वेळ मिळावा म्हणून २०१९ साली मोसमाची सुरुवात सोमवारवरून शनिवारी आली, २०२०पासून तीन रविवार खुले झाले आणि २०२५ साली उरलेली आडकाठी गेली. २०२४-२५ मध्ये पावणेपाच लाखांच्या वर हरणं मारली गेली.

त्यातच २०१२ साली हरणांचा मेंदू पोखरणारा असाध्य रोग राज्यात सापडला, आधी ॲडम्स काउंटीतल्या पाळीव हरणात आणि लगेच पुढे रानातल्या हरणांत. बाधित पट्ट्यातून मेलेल्या हरणाचं डोकं आणि कणा बाहेर नेता येत नाही, हरणांना खाऊ घालता येत नाही, आणि तिथे कळप विरळ करायला मादीचे जास्त परवाने दिले जातात. मध्य आणि दक्षिण पेन्सिल्व्हेनियातल्या त्या पट्ट्यांतल्या सभांमध्ये आता पुन्हा २००२सारखेच आवाज ऐकू येतात.