बोटावरचा चिमटा आणि कातडीचा रंग

कोविडच्या साथीत, सप्टेंबर २०२०मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंच्या हातात थर्मामीटरच्या जोडीने रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर आला. बोटाला चिमटा लावायचा, आकडा हद्दीखाली गेला की रुग्णाला पुढे पाठवायचं. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक हिशेब छापला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं रक्त काढून तपासलं, तर प्रत्यक्ष ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्याही खाली, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के मोजण्यांत आढळलं, कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के. म्हणजे तिपटीहून जास्त. लगेच 'वर्णद्वेषी यंत्र' असे मथळे झळकले. यंत्राला कसला आलाय द्वेष! पण मग गडबड कुठे आहे?

त्यासाठी या चिमट्याच्या आत शिरायला हवं, आणि आत जे आहे ते फार देखणं आहे. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश बराचसा जाऊ देतं, ऑक्सिजन सोडलेलं तो जास्त गिळतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात नेमकं उलटं. म्हणून चिमट्यात दोन दिवे असतात, लाल ६६० आणि अवरक्त ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा. अडचण अशी की वाटेत कातडी, मांस, हाड, शिरांमधलं रक्त असं सगळंच आहे आणि ते सगळंच प्रकाश शोषतं. त्यातून फक्त धमनीचं रक्त वेगळं कसं काढणार?

हे कोडं जपानच्या ताकुओ आओयागी यांनी सोडवलं. ते खरं तर रक्तात रंगद्रव्य सोडून हृदय किती रक्त ढकलतं हे मोजत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे आलेख थरथरायचा. ती थरथर दोन रंगांच्या प्रकाशाने खोडून काढायला गेले, तर ऑक्सिजन कमी झाला की ती खोडली जाईना! जी कटकट होती तीच मोजमाप झाली. १९७४ साली पेटंटचा अर्ज झाला. आओयागी एप्रिल २०२०मध्ये वारले, सगळं जग त्यांचं यंत्र धुंडाळत असताना.

ठोक्यासरशी फुगते ती धमनी. कातडी आणि हाड फुगत नाहीत. म्हणून प्रत्येक रंगासाठी थरथरणाऱ्या प्रकाशाला स्थिर प्रकाशाने भागायचं आणि मग लालच्या उत्तराला अवरक्तच्या उत्तराने भागायचं. गुणोत्तर १ आलं तर ऑक्सिजन सुमारे ८५ टक्के, अर्ध्याच्या आसपास आलं तर शंभराजवळ. कातडीला रंग देणारं मेलॅनिन स्थिर, त्यामुळे भागाकारात ते उडून जायला हवं. कागदावर उडतंही.

पण ६६०चा दिवा नेमका ६६०चा नसतो. त्याचा प्रकाश थोडा अलीकडे, थोडा पलीकडे पसरलेला असतो. मेलॅनिन त्यातला कमी तरंगलांबीचा भाग जास्त गिळतं, म्हणून गडद कातडीतून आत पोचणाऱ्या प्रकाशाचा मध्य किंचित लांब तरंगांकडे सरकतो. तिथे ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन कमी शोषतं. लालची थरथर लहान, गुणोत्तर लहान, आकडा मोठा! आणि ऑक्सिजन जितका कमी तितकी ही चूक मोठी, म्हणजे नेमकी नको तिथे. हे एकमेव कारण नाही, पण चूक वरच्या दिशेनेच का होते ते यावरून कळतं.

दुसरं कारण माणसांनी घडवलेलं. गुणोत्तरावरून टक्के काढायचा तक्ता प्रयोगातून येतो: निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देतात, रक्त काढतात, आकडे जुळवतात. अमेरिकी औषध प्रशासनाच्या २०१३च्या सूचनेनुसार यात निदान दोन किंवा १५ टक्के, यांत जे जास्त असेल तितके, गडद त्वचेचे लोक असले की पुरे होतं. जानेवारी २०२५च्या मसुद्यात निदान दीडशे माणसं आणि त्वचेच्या सर्व छटा सुचवल्या आहेत. गडद त्वचेवर आकडा चढतो हे १९९०पासून छापून आलेलं होतं, हे जाता जाता सांगितलेलं बरं.

शहरातल्या अतिदक्षता विभागात शंका आली तर धमनीचं रक्त तपासता येतं. भामरागड किंवा धडगावच्या पाड्यावर चिमट्याचा आकडा हाच शेवटचा शब्द. बाई म्हणते 'दम लागतोय', यंत्र म्हणतं ९५. अशा वेळी आकडा बघून तिला घरी बसवू नये. मिनिटाला श्वास किती ते मोजावं, सहा मिनिटं चालवून पुन्हा बघावं. एकाच बोटावर, एकाच यंत्राने आकडा तीन-चारने घसरला, तर ती घसरण एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलकी. बोटाला मेंदी किंवा नखाला रंग असेल तर दुसरं बोट घ्यावं, हात गार असेल तर चोळून गरम करावा.

याचा अर्थ ऑक्सिमीटर फेकून कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगावी असा नाही. २०२१च्या एप्रिलात व्हॉट्सॲपवर फिरलेल्या त्या पुरचुंडीने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही.

खरेदीची टेंडरं निघतात तेव्हा बॅटरी किती चालते, वॉरंटी किती, हे सगळं विचारलं जातं. त्यातच एक ओळ घालता येईल: हे यंत्र कोणकोणत्या रंगाच्या बोटांवर तपासलं, त्याचा अहवाल जोडा.