सैनिकी सेवा व युद्धजन्य अपंगत्व : अमेरिकेतील राजकीय पात्रता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, गव्हर्नर अशा वरिष्ठ पदांच्या उमेदवाराने केलेली लष्करी सेवा आणि रणांगणावर आलेले अपंगत्व हा त्याच्या योग्यतेचा पुरावा मानण्याची प्रथा. कायद्याचा तिला आधार नाही. संविधानाच्या दुसऱ्या अनुच्छेदात राष्ट्राध्यक्षपदासाठी तीनच अटी आहेत : जन्मसिद्ध नागरिकत्व, किमान ३५ वर्षे वय आणि देशात १४ वर्षांचा रहिवास. सेनादलांचे सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्राध्यक्षाकडे असले, तरी त्याने सैन्यात नोकरी केलेली असावी असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

यांपैकी पहिल्या अटीचे मूळ वादग्रस्त आहे. मुत्सद्दी जॉन जे यांनी २५ जुलै १७८७ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहिले; वॉशिंग्टन तेव्हा फिलाडेल्फियाच्या संविधान परिषदेचे अध्यक्ष होते. अमेरिकी सैन्याचे सेनापतिपद जन्मसिद्ध नागरिकाखेरीज कोणाकडेही जाऊ नये, असे जे यांनी त्यात सुचवले होते आणि ‘जन्म’दर्शक शब्द अधोरेखित केला होता. ४ सप्टेंबरला समितीने मांडलेल्या मसुद्यात ही अट राष्ट्राध्यक्षपदाला जोडलेली दिसते. तिच्यावर चर्चा झाल्याची नोंद परिषदेच्या उपलब्ध टिपणांत नाही. युरोपातील एखाद्या राजपुत्राला गादीवर बसवण्याची वदंता तेव्हा पसरली होती, तिचा बंदोबस्त म्हणून ही अट आली असे काही अभ्यासक मानतात. काहींचा रोख फॉन श्टॉयबेन यांच्यासारख्या परदेशी सेनानींकडे आहे. पत्रातील शब्दयोजना पाहता प्रश्न मुळात सैन्याच्या नेतृत्वाचा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुढे हीच अट सैनिकांच्या मुलांनाच आडवी आली. २००८ मधील राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मकेन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९३६ रोजी तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या पनामा कालवा क्षेत्रातील नौदल तळावर झाला. वडील नौदल अधिकारी होते. त्या क्षेत्रात जन्मलेल्या अमेरिकी नागरिकांच्या अपत्यांना नागरिकत्व देणारा स्पष्ट कायदा १९३७ चा. त्यामुळे मकेन जन्मतः नागरिक होते की वर्षभराने झाले, असा पेच काही कायदेपंडितांनी २००८ मध्ये काढला. त्या वर्षी एप्रिलमध्ये सिनेटने ते जन्मसिद्ध नागरिक असल्याचा ठराव एकमताने केला. मात्र असा ठराव म्हणजे कायदा नव्हे. नागरिक आईबापांचे मूल कोठेही जन्मले तरी जन्मसिद्ध नागरिकच, ही बहुसंख्य तज्ज्ञांची भूमिका आहे. माजी सैनिक व सिनेटर टॅमी डकवर्थ यांचा जन्म बँकॉकमधला, वडील अमेरिकी. त्यांच्याबाबतही हाच मुद्दा निघतो.

वॉशिंग्टन, जॅक्सन, विल्यम हेन्री हॅरिसन, टेलर, ग्रँट व आयझेनहॉवर हे सेनापती म्हणून ख्याती मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. टेलर, ग्रँट व आयझेनहॉवर यांनी त्यापूर्वी एकही निर्वाचित पद भूषवले नव्हते. सेवा केलेल्या राष्ट्राध्यक्षांची एकूण संख्या ग्रंथागणिक बदलते, कारण राज्यांच्या मिलिशियातील (नागरिकांच्या हंगामी सैन्यातील) अल्पकालीन सेवा धरावी की नाही यावर एकमत नाही. लिंकन १८३२ मध्ये काही आठवडे मिलिशियाचे कॅप्टन होते, पण लढाई त्यांच्या वाट्याला आली नाही.

यादवी युद्धानंतर जखमेला मताचे मोल आले. ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही उत्तरेच्या माजी सैनिकांची संघटना १८६६ मध्ये स्थापन झाली. तिचे एक प्रमुख ल्युशस फेअरचाइल्ड यांनी गेटिसबर्गला डावा हात गमावला होता. १८६६ मध्येच ते विस्कॉन्सिनचे गव्हर्नर झाले. दक्षिणेकडे लुइझियानाचे गव्हर्नर फ्रान्सिस निकल्स यांचा डावा हात आणि डावे पाऊल युद्धात गेले होते. १८६९ ते १९०१ या काळात क्लीव्हलंड वगळता प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने त्या युद्धात उत्तरेचा गणवेश घातलेला होता. आर्थर यांची सेवा न्यूयॉर्कच्या मिलिशियातील. क्लीव्हलंड यांनी पैसे देऊन बदली माणूस धाडला होता. १८८७ मध्ये त्यांनी सैनिकी निवृत्तिवेतनाचे विधेयक नाकारले आणि पुढच्या वर्षी ते हरले. त्या पराभवात या नकाराचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

दुसऱ्या महायुद्धातील तीन जखमी मिशिगनमधील बॅटल क्रीकच्या लष्करी रुग्णालयात एकमेकांना भेटले : बॉब डोल, डॅनियल इनोये व फिलिप हार्ट. तिघेही सिनेटर झाले. उजवा हात निकामी झालेले डोल त्या हाताच्या मुठीत सदैव पेन धरून ठेवत, म्हणजे समोरचा तो हात हातात घ्यायला जात नसे. हवाईचे इनोये १९५९ मध्ये प्रतिनिधिगृहात शपथ घ्यायला उभे राहिले. प्रथेप्रमाणे सभापतींनी उजवा हात वर करण्यास सांगितले. इनोये यांनी डावा केला. उजवा १९४५ मध्ये इटलीत तुटला होता. २०१० ते २०१२ या काळात ते सिनेटचे हंगामी अध्यक्ष होते, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या उत्तराधिकाराच्या क्रमात उपाध्यक्ष व सभापती यांच्यानंतर.

तरीही हात किंवा पाय गमावलेला एकही माजी सैनिक आजवर राष्ट्राध्यक्ष झालेला नाही. केनेडी शारीरिक अपंगत्वाच्या कारणाने १९४५ मध्ये नौदलातून निवृत्त झाले होते. परंतु प्रचारात पुढे केले गेले ते त्यांचे शौर्य, आजार झाकून ठेवले गेले. व्हिएतनाममध्ये पायाचा खालचा भाग गमावलेले बॉब केरी १९९२ मध्ये पक्षांतर्गत फेरीतच मागे पडले. डोल १९९६ मध्ये सैन्यात न गेलेल्या क्लिंटन यांच्याकडून हरले. साडेपाच वर्षे हनोईत कैदेत काढलेल्या मकेन यांना हात खांद्याच्या वर नेता येत नसे. तेही २००८ मध्ये हरले. मॅक्स क्लेलंड यांची हार सर्वांत जिव्हारी लागणारी आहे. दोन्ही पाय आणि एक हात युद्धात देऊन सिनेटवर आलेल्या या माणसाच्या देशरक्षणाच्या निष्ठेवर २००२ च्या प्रचारात बिन लादेनचे चित्र दाखवणाऱ्या जाहिरातीतून संशय घेतला गेला. अशा जाहिरातीचे समर्थन होऊ शकत नाही.

डकवर्थ यांचे दोन्ही पाय नोव्हेंबर २००४ मध्ये इराकमध्ये हेलिकॉप्टरवरील हल्ल्यात गेले; २०१७ पासून त्या इलिनॉयच्या सिनेटर आहेत.

एका पदासाठी मात्र कायदा उलट दिशेने चालतो. नागरी सत्तेचे सैन्यावरील नियंत्रण अबाधित राहावे म्हणून १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने संरक्षणमंत्र्यास अधिकारी म्हणून केलेल्या सक्रिय सेवेपासून दहा वर्षांचे अंतर घातले. २००८ मध्ये ते सात वर्षांवर आले. जॉर्ज मार्शल (१९५०), जेम्स मॅटिस (२०१७) व लॉइड ऑस्टिन (२०२१) यांच्यासाठी काँग्रेसला स्वतंत्र सूट मंजूर करावी लागली.