जॉइन केल्यावर बेरीज का फुगते? एक पार्श्वभूमी

दादरच्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचा हिशेब घेऊ. एका सभासदाला मेंटेनन्सची ४,००० रुपयांची तीन बिलं गेली; त्याने ५,००० रुपये दोनदा भरले. बाकी २,०००. पण सभासद, बिलं आणि पावत्या ही डेटाबेसमधली तिन्ही टेबलं एकाच क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) जोडून, म्हणजे जॉइन करून, सम (बेरीज) लावला, की बिलं २४,००० आणि भरणा ३०,००० दिसतो. थकबाकीदाराच्या नावावर उलट ६,००० जमा! प्रत्येक बिल प्रत्येक पावतीशी जुळतं, सहा ओळी तयार होतात आणि सम त्या सगळ्या धरतो.

हा दोष नवशिक्यांच्या माथी मारला जातो, ते मला पटत नाही. त्याची मुळं जुनी आहेत. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांच्या रूपात ठेवण्याची कल्पना, मांडलं. त्यात टेबलं जोडण्याची क्रिया होती, बेरीज-सरासरी नव्हती. शिवाय त्यांची टेबलं म्हणजे गणितातले संच, एकच ओळ दोनदा येणं त्यात बसत नव्हतं. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी एसक्यूएल या क्वेरी लिहिण्याच्या भाषेचा पहिला आराखडा मांडला, तेव्हा व्यवहाराची गरज म्हणून सम आणि काउंट (मोजणी) आले. त्यांना काटेकोर गणिती बैठक अँथनी क्लग यांनी दिली ती १९८२ मध्ये. म्हणजे जॉइन आणि बेरीज एका घरात वाढलेलीच नाहीत.

यावर सर्रास सुचवला जाणारा सम डिस्टिंक्ट (सारख्या रकमा एकदाच धरणारी बेरीज) हा उपाय तर घातक आहे. तिन्ही बिलं सारख्याच रकमेची असल्याने तो १२,००० ऐवजी ४,००० सांगेल. खरा उपाय म्हणजे बिलांची आणि पावत्यांची बेरीज सभासदवार आधी वेगवेगळी करायची, मग जोडायची. १९९२ च्या एसक्यूएल मानकाने फ्रॉममध्ये (क्वेरीत टेबलं सांगण्याच्या जागी) उपक्वेरी, म्हणजे क्वेरीतली क्वेरी, आणि लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलाची प्रत्येक ओळ राखणारा जॉइन) दिले, तेव्हा हे एकाच क्वेरीत सरळ लिहिता येऊ लागलं. लेफ्ट जॉइनमुळे एकही पावती नसलेला सभासदही यादीत राहतो. फक्त आधी बेरीज न करता सभासद आणि पावत्या थेट लेफ्ट जॉइनने जोडून काउंट स्टार (सगळ्या ओळी मोजणारा काउंट) वापरला तर त्याच्या नावावर शून्याऐवजी एक पावती दिसते, म्हणून पावती क्रमांकाचा स्तंभ मोजायचा.

जाणकारही इथे फसले आहेत. डेटाबेस संशोधक वॉन किम यांनी १९८२ मध्ये उपक्वेरीचं जॉइनमध्ये रूपांतर करण्याची पद्धत दिली. तिच्यात शून्य मोजणीच्या ओळी गळत होत्या. ती चूक पुढे ‘काउंट बग’ म्हणून ओळखली गेली. पवईत आयआयटी मुंबईच्या एक्सडेटा प्रकल्पाने तर चुकीचा जॉइन किंवा चुकीचं अ‍ॅग्रिगेट (सम-काउंटसारखी क्रिया) उघडं पडेल असा चाचणीचा डेटा आपोआप तयार करण्याचं काम केलं.