हुमणीसाठी मित्र सूत्रकृमी : पाकीट उघडण्याआधी एवढे वाचा

दुकानात पहिला प्रश्न हाच येतो : निमॅटोड (सूत्रकृमी, म्हणजे मातीतले दोऱ्यासारखे बारीक जंत) घालवायला आम्ही पैसे मोजतो आणि तुम्ही निमॅटोडच विकता? शंका रास्त आहे. डाळिंब, आले, हळद, टोमॅटो यांच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी वेगळे, ते मुळात सुई खुपसून रस पितात. आमच्या पाकिटातली हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात मुळाला तोंड लावत नाही, ती फक्त किडीच्या अंगात वाढते. माणूस, जनावर, गांडूळ यांना तिचा त्रास नाही. जात आपल्याच देशातली आहे. कोइमतूरकडे उसाच्या शेंडे पोखरणाऱ्या किडीत ती मिळाली आणि 1992 मध्ये तिचे नाव ठरले. थंड प्रदेशातल्या जातींपेक्षा आपल्या रानाची ऊब तिला जास्त मानवते, ती यामुळेच.

लांबीला हा जीव साधारण अर्धा मिलिमीटर. ओल्या मातीत तो हुमणी, म्हणजे पिकाची मुळे कुरतडणारी भुंगेऱ्याची अळी, शोधतो आणि तोंडातून, गुदद्वारातून किंवा कुशीवरच्या श्वासछिद्रांतून आत शिरतो. त्याच्या आतड्यात फोटोऱ्हॅब्डस नावाचे जिवाणू असतात. ते हुमणीच्या रक्तात सुटले की दोन-तीन दिवसांत ती मरते. मग सूत्रकृमी त्या मढ्यावर पोसतात आणि साधारण 10 ते 15 दिवसांनी नवी पिढी, लाखाच्या घरात, बाहेर पडून पुढची हुमणी शोधते.

आता अडचण. हुमणी सोपी शिकार नाही. तिच्या श्वासछिद्रांवर जाळी असते, अंगाला चिकटलेले सूत्रकृमी ती घासून काढते, आणि वाढत जाईल तशी जास्त चिवट होते. म्हणून सगळा खेळ वेळेचा आहे. वळीव झाला की मे-जूनमध्ये भुंगेरे निघतात, अंडी घालतात, जून-जुलैत अळी लहान असते. जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सूत्रकृमी सोडले तर फळ मिळते. ऊस पिवळा पडला, वाळला, ओढला की हातात आला, तेव्हा खाली तिसऱ्या अवस्थेची जाड अळी बसलेली असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात कोणी पाकीट मागितले तर आम्ही हेच सांगतो की पैसे पुढच्या हंगामासाठी ठेवा.

सोडण्याआधी चार-पाच ठिकाणी उसाच्या बेटाच्या बुडाशी फूटभर उकरून बघा. शेणखताच्या उकिरड्यातली पांढरी मोठी अळी बघून घाबरू नका. ती बहुतेक वेळा गेंड्या भुंग्याची असते, कुजलेले खाते. मुळे कुरतडणारी अळी बेटाखालीच सापडायला हवी.

मात्रा किलोत मोजू नका. पाकिटावर जिवंत सूत्रकृमींची संख्या छापलेली असते, तीच बघा. एकरी 100 कोटी लागतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 25 च्या आसपास. पाकीट 25 कोटींचे असेल तर 4 पाकिटे. उसात सगळ्या रानावर फवारण्यापेक्षा बेटाच्या बुडात आळवणी केली, म्हणजे पाण्यात कालवून ओतले, तर तेवढेच सूत्रकृमी कामाच्या जागी दाट पडतात. भुईमूग, सोयाबीनमध्ये ओळीच्या कडेने सोडा.

आदल्या दिवशी पाणी द्या किंवा पावसानंतरचा वाफसा (माती ओली पण चिखल नाही अशी वेळ) धरा. वरची पाच-सहा इंच माती ओली हवी. वेळ संध्याकाळी पाचनंतरची. ऊन यांना काही मिनिटांत मारते, त्यामुळे सकाळी नऊला सोडून जेवायला जाणे म्हणजे पाकीट वाया. विहिरीचे किंवा बोअरचे साधे पाणी घ्या, नळाचे क्लोरीनचे नको, उन्हात तापलेल्या टाकीतले तर नकोच. बादलीत 10 लिटर पाण्यात भुकटी चांगली कालवा, चहाच्या गाळणीने गाळा (सूत्रकृमी त्यातून आरामात जातात, खडे राहतात) आणि 200 लिटरच्या बॅरलमध्ये ओता. 15 लिटरचे 13 पंप होतात. बॅरल काठीने सतत ढवळत राहा. सूत्रकृमी पोहून वर येत नाहीत, तळाला बसतात आणि तिथे हवेअभावी मरतात. पहिले पंप रिकामे आणि शेवटचे दाट, असे होते ते इथेच. कालवलेले पाणी दोन तासांत संपवा.

पंपाची बारीक जाळी आणि नोझलची चकती काढून ठेवा. दाब 20 बारच्या वर नेऊ नका. तणनाशकाचा पंप असेल तर दोन-तीनदा धुऊनच वापरा. पाचट असेल तर बाजूला सारून बुडात सोडा आणि परत ओढा, ओल टिकते. लगेच हलके पाणी द्या आणि पुढचे दोन आठवडे वाफसा मोडू देऊ नका. पाणी तुंबवायचेही नाही. पाणथळ, चिघळलेल्या रानात हवा नसते, तिथे हे जगत नाहीत.

ठिबकमधून सोडता येतात, पण आम्हाला ते फारसे पसंत नाही. वाळूचा फिल्टर त्यांना अडवतो, आणि लॅटरलच्या (ओळीतल्या नळीच्या) टोकाला प्रवाह मंद झाला की ते नळीतच बसतात. सोडायचेच तर फिल्टरच्या पुढे सोडा, आधी रान भिजवून घ्या आणि नंतर पंधरा मिनिटे साधे पाणी चालवा.

जीवामृतात, गुळाच्या आंबवणीत कालवू नका, त्यात प्राणवायू उरत नाही. युरियाचा डोस आणि सूत्रकृमीनाशक यांच्यापासूनही निदान दोन आठवड्यांचे अंतर ठेवा. किडी मारणारी मेटाऱ्हायझियम बुरशी मात्र चालते, उलट जोडीने काम बरे होते.

कृष्णा-वारणाकाठच्या भारी काळ्या जमिनीत सूत्रकृमी हळू सरकतात आणि तिथली नदीकाठची हुमणीही दांडगी असते. अशा रानात तीन-चार आठवड्यांनी दुसरा हात गृहीत धरा. माण, खटाव, जतकडच्या हलक्या मुरमाड रानात ते छान पसरतात, पण दोन पाण्यांत आठ-दहा दिवसांचे अंतर पडत असेल तर घेऊ नका.

सात-आठ दिवसांनी उकरून बघा. सूत्रकृमीने मेलेली हुमणी विटकरी तांबूस, मऊ पडते आणि तिला घाण येत नाही. काळी पडून कुजका वास मारणारी अळी दुसऱ्या कशाने मेली. ताजी तांबूस अळी अंधाऱ्या खोलीत नेऊन दहा मिनिटे डोळे स्थिरावू दिले तर ती अंधूक हिरवट उजळलेली दिसते, तो त्या जिवाणूंचा उजेड. बघून झाले की तिला त्याच बेटाखाली पुरा, पुढची पिढी तिच्यातच आहे.

घेताना तारीख बघा. घरी नेल्यावर सावलीत, गार जागी ठेवा. फ्रीजमध्ये नको, ही उष्ण भागातली जात आहे, 4-5 अंशांच्या गारठ्यात मरते. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेले पाकीटही तसेच समजा. शंका असेल तर चिमूटभर भुकटी अर्धा तास साध्या पाण्यात ठेवून काळ्या ताटलीत भिंगाखाली बघा. वळवळणारे जिवंत, सुईसारखे सरळ पडलेले मेलेले. निम्मे सरळ दिसले तर ते पाकीट रानात नेऊ नका, आमच्याकडे आणा.

मातीतल्या कटवर्मवरही (रोपे बुडाशी कुरतडणाऱ्या अळीवरही) हे चालतात. मावा, फुलकिडे, कोळी यांच्यावर यांचा उपयोग नाही, त्यासाठी मागू नये. माल जिवंत असल्यामुळे आम्ही साठा करत नाही. जुलैत हवे असेल तर जूनमध्येच एकर सांगून ठेवा आणि पाकिटे सोडायच्या आदल्या दिवशी न्या.