आरएसव्हीचं जी आणि एफ: बदल नेमका कुठे झाला?

आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू तान्ह्या बाळांना धाप लावतो आणि वृद्धांनाही अंथरुणाला खिळवतो. ‘या विषाणूचं पृष्ठप्रथिन बदललं’ असं वाचलं की मला आधी विचारावंसं वाटतं, कोणतं? जी की एफ? दोन्ही त्याच्या बाहेरच्या आवरणावर असतात, दोन्हींविरुद्ध आपलं शरीर प्रतिपिंडं तयार करतं, म्हणून त्यांची गल्लत होते. पण जीमधल्या बदलाचा अर्थ एफला लावला, तर निष्कर्ष पार चुकतो.

जीचं काम पेशीला चिकटण्याचं. एफचं काम त्यापुढचं: विषाणूचं आवरण पेशीच्या पटलात मिसळून टाकणं, म्हणजे आत शिरायला वाट करणं. जी नसलेला विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये वाढवता येतो. एफशिवाय मात्र त्याचं पानही हलत नाही.

जीचा मधला छोटासा भाग स्थिर असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे पट्टे सैल आणि शर्करेच्या साखळ्यांनी झाकलेले. तिथलं एखादं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक मणी, बदललं तरी कामात फारसा खंड पडत नाही, उलट प्रतिपिंडाची पकड सुटली तर विषाणूचं फावतंच. आरएसव्हीच्या ए आणि बी या दोन उपगटांत जीची अमिनो आम्लं जेमतेम 53 टक्के जुळतात, तर एफची सुमारे 90 टक्के. 1999 मध्ये ब्युनोस आयर्समध्ये बी उपगटाचे असे विषाणू सापडले, की ज्यांच्या जी जनुकात 60 अक्षरांचा तुकडा दोनदा आला होता. 2010 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओत ए उपगटात तसाच 72 अक्षरांचा तुकडा दिसला. जनुकातल्या दर तीन अक्षरांमागे एक अमिनो आम्ल, म्हणजे 20 आणि 24 अमिनो आम्लांची भर! एवढी भर पडूनही हे दोन्ही वाण अडखळले नाहीत, जगभर पसरले.

यावरून जी जनुकात चुकाच जास्त होतात, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. दोन्ही जनुकांची नक्कल एकच विकर करतं आणि ते दोन्हीकडे चुकतं. फरक पडतो तो कोणती चूक टिकते यात. एफ हे दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखं प्रथिन आहे. वेळ आली की ते उलगडून आपला आकारच बदलतं. या हालचालीत अडथळा आणणारा बदल झाला, तर तो विषाणू तिथेच संपतो.

सर्वांत प्रभावी प्रतिपिंडं एफच्या न उलगडलेल्या रूपाला धरतात. त्या रूपाची रचना 2013 मध्ये उघड झाली आणि 2023 मध्ये वृद्धांसाठी मंजूर झालेल्या लसी त्याच रूपावर बेतलेल्या आहेत. एफ स्थिर, म्हणून हा भरवसा योग्यच आहे. पण स्थिर म्हणजे अचल नव्हे. एफला धरणाऱ्या, औषध म्हणून द्यायच्या सुप्टाव्हुमॅब या प्रतिपिंडाची चाचणी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झाली, तेव्हा बी उपगटापुढे ते निष्प्रभ ठरलं. कारण काय, तर पसरत असलेल्या बी विषाणूंच्या एफमध्ये 172 आणि 173 या शेजारच्या जागांवरची दोन अमिनो आम्लं बदललेली होती. जीमध्ये 24 वाढली तरी विषाणूचं बिघडलं नाही. इथे अवघी दोन बदलली आणि बाळांसाठीचं एक औषध हातातून गेलं.

म्हणूनच विषाणूच्या नमुन्यांतलं कोणतं जनुक वाचायचं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कित्येक वर्षं बऱ्याच ठिकाणी जी जनुकाच्या शेवटाकडचा छोटा तुकडाच वाचला जाई. विषाणू कोणत्या कुळातला, कुठून कुठे गेला, हे त्यातून छान कळतं. पण आज बाळांना दिलं जाणारं निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंड एफच्या टोकाशी बसतं. तो विषाणू या औषधाला दाद देईल का, याचं उत्तर जीच्या तुकड्यात नाही; त्यासाठी एफ जनुकच वाचावं लागतं.