घातक कचराविषयक नियमांचे अद्ययावतीकरण, महाराष्ट्र (सोलापूर जिल्ह्याच्या विशेष संदर्भाने)

घातक कचऱ्याची व्याख्या, साठवण, वाहतूक व विल्हेवाट यांविषयी केंद्र सरकार वेळोवेळी जे नियम करते, ते राज्याच्या प्रशासनात आणि अखेर एकेका कारखान्याच्या परवान्यात उतरवण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असून सोलापूर जिल्हा मंडळाच्या पुणे प्रादेशिक कार्यालयाखालील सोलापूर उपप्रादेशिक कार्यालयाच्या कक्षेत येतो.

राज्याचा अधिकार : राज्याला या विषयात स्वतःचे नियम करता येतात काय, याबाबत दोन मते मांडली जातात. पहिल्या मताप्रमाणे सार्वजनिक आरोग्य व पाणी हे विषय राज्यसूचीत असल्याने आणि महाराष्ट्राने 1969 मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा अधिनियम करून 1970 मध्ये मंडळ स्थापन केले असल्याने नियमनाचे मूळ राज्याकडेच शोधावे लागते. दुसरे मत असे की, भोपाळ दुर्घटनेनंतर संसदेने केलेला पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 हाच घातक कचरा नियमांचा उगम होय. या अधिनियमाच्या कलम 23 नुसार केंद्राला आपले बहुतेक अधिकार राज्य सरकारकडे सोपवता येतात, पण कलम 25 खालील नियम करण्याचा अधिकार त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. ही तरतूद पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक ठरते. मंडळाची यंत्रणा जुनी असली, तरी तिच्या हातातील घातक कचऱ्याचा कायदा केंद्राचा आहे. तुलनेसाठी, महाराष्ट्राची 2018 ची प्लास्टिकबंदी राज्याच्याच 2006 च्या अविघटनशील कचरा अधिनियमाखाली आली. घातक कचऱ्यासाठी तसा राज्य अधिनियम आधाराला घेतला जात नाही. अमेरिकेत 1976 च्या संघीय कायद्याखाली मान्यता मिळालेली राज्ये स्वतःची नियमावली राखतात व संघीय बदलानुसार ती ठरावीक मुदतीत सुधारतात. महाराष्ट्रात अद्ययावतीकरण होते ते परिपत्रके, परवान्यातील अटी आणि तपासणी यांच्या पातळीवर.

नियमांचे टप्पे : पहिले नियम 28 जुलै 1989 रोजी अधिसूचित झाले. त्यांत कचऱ्याचे 18 प्रवर्ग होते व बहुतेकांना वार्षिक प्रमाणाची मर्यादा होती. 2000 व 2003 च्या दुरुस्त्यांनी प्रमाणाऐवजी उत्पादनप्रक्रिया हा आधार धरला. सर्वोच्च न्यायालयात 1995 पासून चाललेली घातक कचऱ्याविषयीची याचिका, तीत नेमलेली शास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समिती आणि 14 ऑक्टोबर 2003 चा आदेश यांचा पुढील रचनेवर मोठा प्रभाव पडला असे मानले जाते. 2008 मध्ये नवे नियम आले आणि 4 एप्रिल 2016 रोजी सध्याचे ‘घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम’ लागू झाले. त्यांत 2019 सह अनेकदा दुरुस्त्या झाल्या आहेत.

राजपत्रातील तारखेपासून नियम सर्वांवर बंधनकारक असतो, याविषयी वाद नाही. तथापि प्राधिकारपत्राची (घातक कचरा हाताळण्याच्या परवान्याची) मुदत 5 वर्षांची असते आणि महाराष्ट्रात ते संमतीपत्राशी (कारखाना चालवण्यास मंडळाने दिलेल्या मंजुरीशी) जोडून एकत्र दिले जाते. त्यामुळे कारखानदाराच्या हातातील कागदावर जुने वर्गीकरण नूतनीकरणापर्यंत तसेच राहू शकते. सांडपाणी प्रक्रियेतून निघणाऱ्या रासायनिक गाळाचा क्रमांक 2008 च्या अनुसूचीत 34.3 होता, तो 2016 मध्ये 35.3 झाला. बदल किरकोळ वाटतो. पण संमतीपत्रात एक क्रमांक, वार्षिक विवरणात दुसरा आणि मॅनिफेस्टवर (कचऱ्याच्या वाहतुकीसोबत जाणाऱ्या नोंदपत्रावर) तिसराच, असे झाले की त्या गाळाचा हिशेब जुळवणे अवघड होते. नियम खऱ्या अर्थाने अद्ययावत झाला की नाही, हे अशाच ठिकाणी तपासले पाहिजे.

रंगाईचा गाळ : चादर व टॉवेल ही सोलापूरची मुख्य उत्पादने असल्याने (सोलापुरी चादरीला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) जिल्ह्यात या नियमांचा सर्वांत वादाचा मुद्दा सूत रंगाईच्या गाळाचा आहे. रंगाईघरातील सांडपाण्यात चुना, फेरस सल्फेट यांसारखी रसायने घातली की रंगद्रव्य खाली बसते. तो गाळ वाळवून पोत्यांत भरला जातो. अनुसूची 1 प्रमाणे असा रासायनिक गाळ प्रक्रियेवरूनच घातक ठरतो. उद्योगांकडून मात्र असे म्हटले जाते की प्रत्येक गाळात विषारी धातू असतातच असे नाही. या म्हणण्याला नियमांतच वाट ठेवलेली आहे : अनुसूची 1 मध्ये नाव असले तरी अनुसूची 2 मधील घातक घटकांच्या प्रमाणाच्या मर्यादांच्या आधारे कचरा घातक नसल्याचे दाखवता येते आणि वाद झाल्यास तो केंद्रीय मंत्रालयाच्या तांत्रिक आढावा समितीकडे जातो. चाचणीचा अहवाल हाती येईपर्यंत गाळ घातक धरणे हाच नियमांशी सुसंगत अर्थ आहे. रंगाचे ब्रँड व रसायनांचे प्रमाण बदलले की गाळही बदलतो. म्हणून एका जुन्या अहवालावर वर्षानुवर्षे विसंबणे योग्य नाही.

हा गाळ साधारणपणे 90 दिवसांहून अधिक काळ आवारात ठेवता येत नाही. वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा असलेल्या लहान घटकांना मंडळ ही मुदत वाढवून देऊ शकते. पोत्यावर किंवा पिंपावर चमकदार पिवळे लेबल लागते व त्यावर ‘घातक कचरा’ आणि ‘काळजीपूर्वक हाताळा’ हे शब्द लाल अक्षरांत हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत लिहावे लागतात. सोलापुरात स्थानिक भाषा म्हणजे मराठी. शहराच्या पूर्व भागातील अनेक कामगारांच्या घरी तेलुगू, तर काहींच्या घरी कन्नड बोलली जाते. पोते उचलणाऱ्याला लेबल वाचता यावे यासाठी या भाषांतही मजकूर देणे नियमाच्या हेतूला धरून होईल.

वाहतूक व सीमा : पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे सामाईक विल्हेवाट केंद्र असून सोलापूरहून ते 200 किलोमीटरहून अधिक दूर आहे. सिमेंट भट्टीत कचरा सहप्रक्रियेसाठी (म्हणजे इंधन किंवा कच्चा माल म्हणून) वापरण्याला 2016 च्या नियमांनी प्राधान्य दिले; परंतु त्यासाठी चुनखडी भाजणारी भट्टी लागते, नुसते क्लिंकर (भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे) दळणारा कारखाना उपयोगाचा नाही. अशा भट्ट्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात आहेत. अंतिम विल्हेवाटीसाठी कचरा दुसऱ्या राज्यात न्यायचा तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते; पुनर्वापर किंवा सहप्रक्रियेसाठी मात्र दोन्ही मंडळांना आगाऊ कळवणे पुरेसे असते. मॅनिफेस्टच्या 7 रंगीत प्रतींपैकी शेवटची, राखाडी प्रत याच कामाची आहे : परराज्यातील स्वीकारणारा ती पाठवणाऱ्याच्या राज्यातील मंडळाकडे धाडतो.

इतर बाबी : फताटेवाडी येथील 1,320 मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची राख या नियमांखाली घातक कचऱ्यात धरली जात नाही, तिच्यासाठी केंद्राची स्वतंत्र अधिसूचना आहे. गॅरेज व यंत्रमागांतील वापरलेल्या तेलासाठी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी (तेल वापरून झाल्यावर त्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारी तरतूद) 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. त्याच दिवसापासून पर्यावरण अधिनियमाच्या उल्लंघनासाठी कारावासाऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद अमलात आली असून, दंड ठरवणारा अधिकारी केंद्राचा असेल तर किमान सहसचिव आणि राज्याचा असेल तर किमान सचिव दर्जाचा असावा लागतो. राज्य सरकारने घातक कचऱ्याचा एकात्मिक आराखडा करावा, उद्योग विभागाने पुनर्चक्रणासाठी जागा राखून ठेवावी आणि कामगार विभागाने या कामातील मजुरांची नोंद, प्रशिक्षण व त्यांच्या सुरक्षा-आरोग्यावर वार्षिक देखरेख करावी, अशी जबाबदारी 2016 च्या नियम 5 मध्ये सोपवलेली आहे.